अमेरिकेत मूल स्पर्धात्मक फिगर स्केटिंगमध्ये उतरते तेव्हा : पहिल्या वर्गापासून गोल्ड टेस्टपर्यंत

आमच्या मुलीने वयाच्या सातव्या वर्षी बोस्टनजवळच्या एका बर्फाच्या रिंकवर पहिल्यांदा पाय ठेवला, तेव्हा मला या खेळातले काहीही ठाऊक नव्हते. सांगलीत वाढलेल्या मला बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून सायकलवरून येणारी लादी, एवढेच माहीत होते. मुलगी पुढे नॉव्हिस पातळीवर (सीनियरच्या दोन पायऱ्या खाली) ईस्टर्न विभागीय स्पर्धेपर्यंत खेळली, दोन्ही गोल्ड टेस्ट (राष्ट्रीय संघटनेच्या सर्वांत वरच्या परीक्षा) उत्तीर्ण झाली आणि आता कॉलेजात आहे. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कोणी ना कोणी आई-वडील मला बाजूला घेऊन तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे एका ठिकाणी असावीत म्हणून हे लिहिले आहे. यातली माहिती अमेरिकेतील एकेरी स्केटिंगपुरती आहे. जोडी, आइस डान्स आणि सिंक्रोनाइज्ड स्केटिंग यांची व्यवस्था बरीचशी समांतर असली तरी त्यांचे नियम वेगळे आहेत.

१. लर्न टू स्केटचा वर्ग : इथे घाई करू नका

जवळजवळ प्रत्येक रिंकवर ‘लर्न टू स्केट यूएसए’ हा सामूहिक वर्ग चालतो. अगदी लहान मुलांसाठी स्नोप्लाऊ सॅमच्या चार पायऱ्या असतात, त्यानंतर बेसिक १ ते ६, मग प्री-फ्री स्केट आणि शेवटी फ्री स्केट १ ते ६. पहिल्या दिवशी मूल बहुतेक वेळ बसलेले किंवा पडलेले असते आणि शिक्षकही सर्वांत आधी पडायचे कसे नि उठायचे कसे हेच शिकवतात. त्यामुळे पैसे वाया गेले असे वाटून घेऊ नका.

या टप्प्याला लागणारे सामान थोडेच आहे : अंगाबरोबर राहणारी लांब विजार, हातमोजे, सायकलचे हेल्मेट आणि पातळ मोजे. जाड लोकरीचे मोजे घातले की बूट पायावर नीट बसत नाही आणि घोटा आत डुगडुगतो. थंडीच्या धास्तीने आपण सगळे ही चूक करतो.

थांबणे, स्विझल (पाय न उचलता दोन्ही पाय बाहेर-आत करत जाणे), पुढचे आणि मागचे क्रॉसओव्हर (एक पाय दुसऱ्यावरून टाकत वळणे), थ्री टर्न (एका पायावर तोंड फिरवणे) या गोष्टी मूल बेसिकमध्ये शिकते आणि पुढची दहा वर्षे तीच वापरते. शेजारचे मूल वरच्या वर्गात गेले म्हणून शिक्षकांमागे लकडा लावणाऱ्या पालकांमध्ये मीही होते. त्या घाईने आम्ही बेसिक ५ मधले मागचे क्रॉसओव्हर कच्चे ठेवून पुढे गेलो आणि दोन वर्षांनी खासगी धड्याचे पैसे भरून तेच क्रॉसओव्हर पुन्हा शिकलो.

२. रिंक, क्लब आणि संघटना यांतला फरक

नवख्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. रिंक म्हणजे बर्फ असलेली इमारत. ती नगरपालिकेची, शाळेची किंवा खासगी असू शकते. क्लब म्हणजे त्या बर्फाचे ठरावीक तास भाड्याने घेऊन स्केटरांना देणारी, टेस्ट आणि स्पर्धा भरवणारी संस्था. या सगळ्यांवरची राष्ट्रीय संघटना म्हणजे यू. एस. फिगर स्केटिंग. लर्न टू स्केटचे सभासदत्व आणि राष्ट्रीय संघटनेचे पूर्ण सभासदत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय टेस्ट देण्यासाठी आणि पात्रता स्पर्धांत उतरण्यासाठी दुसरे सभासदत्व लागते आणि ते बहुधा क्लबमार्फत घेतले जाते. सभासदत्वाचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे चालते. मे महिन्यात घाईने पूर्ण रक्कम भरण्याआधी ही तारीख ध्यानात घ्या.

क्लब निवडताना भिंतीवरच्या ढालींपेक्षा वेळापत्रक पाहावे. तुमच्या शाळेच्या आणि नोकरीच्या वेळांत बसणारे बर्फाचे तास किती, हा प्रश्न पहिला. पालकांनी स्पर्धेच्या दिवशी किती तास स्वयंसेवक म्हणून काम करणे अपेक्षित आहे, हा दुसरा.

३. बूट आणि ब्लेड

भाड्याचे स्केट पहिल्या एक-दोन सत्रांपुरतेच ठीक असतात, कारण त्यांना धार नसते आणि घोट्याजवळ ते मऊ पडलेले असतात. मूल टिकणार असे दिसले की स्वतःची जोडी घ्यावी. सुरुवातीची तयार जोडी शंभर-दोनशे डॉलरांत मिळते. पुढे बूट आणि ब्लेड वेगवेगळे विकत घ्यावे लागतात आणि डबल उड्या (हवेत दोन फेऱ्यांच्या) मारणाऱ्या मुलांची जोडी हजार डॉलरांच्या आसपास सहज पोहोचते. जॅक्सन, एडिया, रिडेल, रिसपोर्ट ही बुटांची नावे आणि जॉन विल्सन, एमके, पॅरामाउंट ही ब्लेडची नावे तुमच्या कानांवर पडतीलच. कोणते चांगले, यापेक्षा तुमच्या मुलाच्या पायाच्या ठेवणीला कोणते बसते, हे महत्त्वाचे आहे.

आपल्याकडे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घ्यायची रीत आहे. स्केटच्या बाबतीत ती कटाक्षाने मोडावी. बूट सैल असला तर टाच आत वर-खाली होते, मूल नाडी करकचून आवळते, पाय बधिर होतो आणि ब्लेडच्या कडेवर तोल राहत नाही. त्याचप्रमाणे ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून फार कडक बूटही घेऊ नये. हलक्या वजनाच्या मुलाला तो वाकवताच येत नाही, गुडघा पुढे जात नाही आणि उडी जड होते. पायाचे माप उभे राहून, दोन्ही पायांचे, फिगर स्केटचेच काम करणाऱ्या दुकानात घ्यावे. नेहमीच्या बुटाचा नंबर इथे चालत नाही.

ब्लेडबद्दल थोडे सविस्तर सांगते. ब्लेड खालून सपाट नसते. लांबीच्या दिशेने ते किंचित कमानदार असते आणि आडव्या दिशेने मधोमध एक बारीक पन्हळ असते. त्या पन्हळीमुळे एका ब्लेडला दोन कडा मिळतात, आतली आणि बाहेरची. त्यांनाच रिंकवर सगळे ‘एज’ म्हणतात. पुढच्या टोकाला दात असतात, तो टो पिक. या तिन्ही गोष्टी जपून धार लावणे हे वेगळे कौशल्य आहे. एकदा प्रशिक्षिका बाहेरगावी होत्या, म्हणून मी मुलीचे स्केट हॉकीचे सामान विकणाऱ्या एका दुकानात धार लावायला दिले. ब्लेड लखलखीत होऊन आले. दुसऱ्या दिवशी मुलीला एकही स्पिन जागेवर फिरता येईना. ती दर वेळी मागे घसरत भिंतीकडे जायची. प्रशिक्षिकांनी परतल्यावर ब्लेड उलटे धरून मला दाखवले. टो पिकचा सर्वांत खालचा दात घासून गेला होता आणि पुढच्या भागाची कमान सपाट झाली होती. अडीचशे डॉलरांचे ब्लेड गेले. धार कोणाकडे लावायची हे प्रशिक्षकांना विचारा आणि वीस ते चाळीस तासांच्या सरावानंतर ती पुन्हा लावून घ्या.

रिंकच्या रबरी जमिनीवर चालताना कडक प्लॅस्टिकचे गार्ड घालावेत. घरी नेताना ब्लेड टॉवेलने कोरडे पुसून कापडी सोकर घालावेत. प्लॅस्टिकच्या गार्डमध्ये ओले ब्लेड रात्रभर ठेवले तर सकाळी गंज दिसतो.

४. प्रशिक्षक आणि खरा खर्च

फ्री स्केटच्या वर्गांत पोहोचल्यावर खासगी धड्यांची गरज भासते. प्रशिक्षक निवडण्याआधी रिंकवर दोन-तीन वेळा नुसते बसून पाहा : मूल पडल्यावर प्रशिक्षक काय बोलतात, धडा चालू असताना त्यांचे लक्ष फोनकडे जाते का, त्यांचे विद्यार्थी टेस्टपर्यंत पोहोचतात का. प्रशिक्षकांची पार्श्वभूमी-तपासणी, विमा आणि सेफस्पोर्टचे (खेळाडूंवरील गैरवर्तन रोखण्याचे) प्रशिक्षण चालू वर्षाचे असणे बंधनकारक आहे. याबद्दल विचारणे हा पालकांचा हक्क आहे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

आता पैशांचे. आमच्या भागात अर्ध्या तासाच्या धड्याला चाळीस ते सत्तर डॉलर पडत. पहिले बिल आले तेव्हा मला वाटले, संपले. मग कळले की धड्याच्या पैशांत बर्फ येत नाही. ज्या फ्रीस्टाइल सेशनमध्ये (उड्या-स्पिनच्या सरावासाठी राखलेल्या बर्फाच्या वेळेत) धडा होतो त्याचे तासाला पंधरा-वीस डॉलर निराळे. त्यावर संगीत कापून घेणे, कार्यक्रमाची कोरिओग्राफी, पोशाख, धार आणि स्पर्धेच्या दिवशी प्रशिक्षकांची फी. स्पर्धा परगावी असली तर त्यांचा प्रवास आणि हॉटेल त्या दिवशीच्या सगळ्या विद्यार्थ्यांमध्ये वाटून घेतले जाते. ही वाटणी कशी होते ते आधी लेखी विचारून घ्या.

पैसे मोजकेच असतील तर माझे मत स्पष्ट आहे : पोशाखावरचे खडे कमी करा, धडे आठवड्याला एकाने कमी करा, पण एकट्याने सराव करण्याचे तास कमी करू नका. धड्यात सांगितलेली गोष्ट त्या रिकाम्या तासांतच अंगवळणी पडते.

फ्रीस्टाइल सेशनचे काही अलिखित आणि काही फलकावर लिहिलेले नियम आहेत. ज्याचे संगीत चालू आहे, त्याला पहिला मान. अशा स्केटरच्या अंगावर बहुधा रंगीत पट्टा किंवा जाकीट असते. त्यानंतर धडा घेणाऱ्याला. रिंकच्या दोन कोपऱ्यांत लट्झ उडी मारणारे मागे न पाहता वेगाने येतात, म्हणून त्या कोपऱ्यांत उभे राहून पाणी पिऊ नये हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. पालकांनी कठड्यावरून सूचना देऊ नयेत. हे मला अतिशय जड गेले.

५. टेस्ट : कधी द्यायची आणि कधी थांबायचे

राष्ट्रीय संघटनेच्या टेस्ट मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. स्केटिंग स्किल्समध्ये ठरलेल्या आकृत्या आणि पावले, तीही संगीताशिवाय. सिंगल्समध्ये उड्या आणि स्पिन. कोणत्याही पातळीची सिंगल्स टेस्ट देण्याआधी त्या पातळीची स्केटिंग स्किल्स टेस्ट उत्तीर्ण व्हावी लागते. टेस्टच्या पातळ्या प्री-प्रिलिमिनरी, प्रिलिमिनरी, प्री-ब्राँझ, ब्राँझ, प्री-सिल्व्हर, सिल्व्हर, प्री-गोल्ड आणि गोल्ड अशा आहेत. स्पर्धेच्या पातळ्यांची नावे मात्र निराळी : प्री-प्रिलिमिनरी, प्रिलिमिनरी, प्री-जुव्हेनाइल, जुव्हेनाइल, इंटरमिजिएट, नॉव्हिस, ज्युनियर, सीनियर. ‘सिल्व्हर’ म्हणजे रौप्यपदक नव्हे, नॉव्हिस पातळीची परीक्षा, हे आजी-आजोबांना फोनवर समजावताना माझे बरेच रविवार गेले.

टेस्टच्या कागदावर ‘नापास’ असा शब्द नसतो. ‘रीट्राय’ लिहिलेले असते. मुलीच्या पहिल्याच टेस्टला तसे आले. वॉल्ट्झ एट नावाची आकृती तिने वेगाने पण वाकडी काढली होती. आठाचा एक गोल दुसऱ्यापेक्षा चांगलाच मोठा झाला होता. परीक्षकांनी शेऱ्यात तेवढेच लिहिले. पुढचा दीड महिना ती रोज दहा मिनिटे तीच आकृती काढून मागे वळून बर्फावरची रेघ पाहायची, आणि माझ्या मते ती खरी स्केटर झाली ती त्या दीड महिन्यात.

सापळा असा आहे. सिंगल्सची वरची टेस्ट एकदा उत्तीर्ण झाली की स्पर्धेत खालच्या पातळीवर परत जाता येत नाही. मूल टेस्टपुरते काठावर उत्तीर्ण होते, सगळे पेढे वाटतात, आणि पुढच्या मोसमात ते अशा मुलांसमोर उभे राहते ज्यांच्या सगळ्या डबल उड्या तयार आहेत. त्यानंतरची दोन वर्षे शेवटून दुसरा क्रमांक. आमच्या ओळखीच्या दोन मुली याच कारणाने खेळ सोडून गेल्या. स्केटिंग स्किल्सच्या टेस्ट पुढे जाऊ द्याव्यात, त्यांनी नुकसान होत नाही. सिंगल्सची टेस्ट मात्र पुढच्या पातळीवर टिकाव धरता येईल असे प्रशिक्षक म्हणतील तेव्हाच द्यावी.

६. उड्या आणि गुण : कठड्याबाहेरून पाहणाऱ्यासाठी

उड्या सहा : टो लूप, साल्काव, लूप, फ्लिप, लट्झ, ऍक्सल. सहाही उड्यांत स्केटर मागच्या बाहेरच्या एजवर उतरतो, म्हणून त्या ओळखायच्या तर उडी घेताना पाहायचे. पुढे तोंड करून घेतली ती ऍक्सल. त्यामुळेच तिच्यात अर्धा फेरा जास्त असतो आणि सिंगल ऍक्सल म्हणजे दीड फेरा होतो. फ्लिप आणि लट्झ दोन्हींत टो पिक रोवतात, पण फ्लिप आतल्या एजवरून आणि लट्झ बाहेरच्या एजवरून. लट्झला निघालेले मूल शेवटच्या क्षणी घोटा आत पाडते आणि उडी प्रत्यक्षात फ्लिप होते. ही सवय नऊ-दहा वर्षांच्या वयात मोडली नाही तर पंधराव्या वर्षी मोडता मोडत नाही.

सिंगल ऍक्सलला अनेक मुलांना एक-दोन वर्षे लागतात. आमच्या मुलीला अठरा महिने लागले आणि त्या काळात एकाच कुल्ल्यावर पडून पडून तिथला निळा डाग कधी गेलाच नाही. विजारीत घालायचे जेलचे पॅड मिळतात. ते लाज न बाळगता घ्यावेत.

खालच्या पातळ्यांवर अनेक स्पर्धांत अजूनही ६.० पद्धतीने नुसता क्रम लावला जातो. वर गेल्यावर आंतरराष्ट्रीय पद्धत येते : प्रत्येक उडीला मूळ गुण, तिच्या सफाईसाठी उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी, आणि शिवाय कॉम्पोझिशन, प्रेझेंटेशन, स्केटिंग स्किल्स या तीन घटकांचे गुण. अलीकडच्या तक्त्यात डबल ऍक्सलचे मूळ गुण ३.३० आहेत आणि डबल लट्झचे २.१०. पण डबल ऍक्सल अर्ध्या फेऱ्याने कमी पडली की ती सिंगल धरली जाते, म्हणजे मूळ गुण उरतात १.१०, पडल्यास एकूणातून आणखी वजावट. म्हणून ‘तिची डबल ऍक्सल आली का?’ असे कोणी विचारले की मी विचारते, पूर्ण फिरून का? पदरात नसलेली उडी कार्यक्रमात घालण्यापेक्षा साफ डबल लट्झ नेहमीच परवडते.

संगीताबद्दल एक आवडीची गोष्ट. एकेरी स्केटिंगमध्ये २०१४-१५ च्या हंगामापासून शब्द असलेले गाणेही चालते. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकी आइस डान्स जोडीने हिंदी चित्रपटसंगीतावर ओरिजिनल डान्स (तेव्हाच्या आइस डान्स स्पर्धेचा एक भाग) केला होता, तो आमच्या पिढीच्या पालकांना आठवत असेल. तेव्हा लावणीवर स्टेप सीक्वेन्स (बर्फावरच्या पावलांची मालिका) बसवायला नियमाची आडकाठी नाही. गाण्याच्या वापराचे हक्क मात्र आधी तपासावेत.

७. स्पर्धेचा अर्ज आणि स्पर्धेची पिशवी

सुरुवात कॉम्पीट यूएसए या नवशिक्यांच्या स्पर्धांपासून करावी. पुढे क्लबांच्या स्पर्धा, मग पात्रतेची साखळी : उन्हाळ्यापासून नॅशनल क्वालिफाइंग सिरीज, नोव्हेंबरच्या सुमारास ईस्टर्न, मिडवेस्टर्न आणि पॅसिफिक विभागीय स्पर्धा, जानेवारीत राष्ट्रीय अजिंक्यपद. साखळीचे तपशील बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीचे नियमपुस्तक वाचावे. व्हिसावर राहणाऱ्यांनी नागरिकत्व आणि वास्तव्याविषयीची कलमे अर्ज भरण्याआधीच पाहावीत.

अर्जासाठी हाताशी ठेवायचे : सभासद क्रमांक, जन्मदाखल्याची प्रत, उत्तीर्ण टेस्टची नोंद, प्रशिक्षकांचे नाव, ठरलेल्या उड्या-स्पिनची क्रमवार यादी आणि संगीताची फाइल. अर्जाची मुदत स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधी संपते आणि उशिराच्या अर्जाला जादा फी लागते. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की सेफस्पोर्टचे प्रशिक्षण स्वतः पूर्ण करावे लागते. वाढदिवस मोसमाच्या मध्यावर येत असेल तर हे हमखास विसरले जाते.

पिशवीत : जास्तीच्या नाड्यांची जोडी, दोन जास्तीचे टाइट्स, सुईदोरा, सेफ्टी पिना, केसांचे आकडे, ब्लेडचे स्क्रू आवळायचा छोटा स्क्रूड्रायव्हर, टॉवेल, फोनवर संगीताची प्रत. आमच्या पहिल्या विभागीय स्पर्धेत सरावाला सहा मिनिटे उरली असताना डाव्या बुटाची नाडी तुटली होती. जास्तीची नाडी गाडीत होती आणि गाडी वाहनतळाच्या दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या एका मुलीच्या आईने काही न बोलता आपल्या पिशवीतून नाडी काढून दिली.

८. वय, शरीर आणि शाळा

आंतरराष्ट्रीय सीनियर स्पर्धांसाठीचे किमान वय जून २०२२ मध्ये पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा करण्याचा निर्णय झाला आणि २०२४-२५ पासून ते सतरा आहे. ‘बाराव्या वर्षी ट्रिपल नाही तर संपले’ असे कोणी सांगत असेल तर त्याला ही तारीख सांगा. अमेरिकेची स्केटर अलिसा ल्यू २०२२ मध्ये सोळाव्या वर्षी निवृत्त झाली, दोन वर्षे खेळापासून दूर राहिली आणि मार्च २०२५ मध्ये इथे बोस्टनमध्येच जगज्जेती झाली. त्या संध्याकाळी आम्ही सगळे घरच्या सोफ्यावर उभे होतो.

उंची झपाट्याने वाढते त्या वर्षी उड्या जातात. हे अपयश नव्हे, शरीराचा तोलबिंदू बदललेला असतो. त्या काळात उड्यांची संख्या कमी करून स्पिन आणि स्केटिंग स्किल्सवर भर द्यावा. कंबरदुखी किंवा नडगीचे दुखणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर क्रीडा-वैद्याकडे जावे. वाढत्या वयातल्या स्केटरांमध्ये हाडाला बारीक तडा जाण्याचे प्रकार होतात आणि ‘अंग मोकळे झाले की बरे वाटेल’ हा आपला घरगुती सल्ला तिथे घातक ठरतो. मुलीच्या वजनावर प्रशिक्षकांनी किंवा मावशी-काकूंनी भाष्य केलेले खपवून घेऊ नका. शाळा सोडून ऑनलाइन शिक्षण घेण्याचा प्रस्ताव आमच्यापुढेही आला होता. आम्ही नाही म्हटले आणि पहाटे साडेपाचचा बर्फ घेतला.

९. भारताकडून खेळायचे असेल तर

हा प्रश्न मंडळात हमखास येतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) म्हणजे नागरिकत्व नव्हे. ऑलिंपिकमध्ये ज्या देशाकडून उतरायचे त्या देशाचे नागरिकत्व लागते आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. अमेरिकेत जन्मलेली तारा प्रसाद भारताचे नागरिकत्व घेऊन भारताकडून खेळते. असा निर्णय मुलाने स्वतः, कळत्या वयात, वकिलाशी बोलून घ्यावा.

१०. कॉलेज

फिगर स्केटिंग हा एनसीएएचा (अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचा) खेळ नाही. टेनिस किंवा पोहण्यासारख्या क्रीडा-शिष्यवृत्त्यांची आशा धरून यात पैसे ओतणाऱ्या पालकांना हे फार उशिरा कळते. कॉलेजांत क्लब-पातळीवरचे संघ असतात आणि त्यांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. ओहायोतील मायामी विद्यापीठासारख्या मोजक्या ठिकाणी सिंक्रोनाइज्ड संघाला विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा आहे. २०२२ चा ऑलिंपिक विजेता नेथन चेन येलचा विद्यार्थी होता, पण तो तिथे अभ्यासावर गेला होता.

उपयोगी पडते ती गोल्ड टेस्ट. तिची नोंद कायम राहते, प्रवेश-अर्जात ती लिहिता येते, आणि सुट्टीत लर्न टू स्केटचे वर्ग घेण्याचे काम मिळण्यास तिची मदत होते. आमची मुलगी सध्या शनिवारी सकाळी स्नोप्लाऊ सॅम १ चा वर्ग घेते. आठ मुले, त्यांतली सहा बसलेली. जाड लोकरीचे मोजे घातलेले एक मूल दर आठवड्याला असतेच, असे ती सांगते.